पंडितजींची कुपी

पंडितजींना राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या गल्लीत म्हणायचे. आमची गल्ली लातूरची. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि टँकर आला की नात्यागोत्यातली माणसंसुद्धा एकमेकांच्या कळशा लाथाडतात. अशा गल्लीत हा माणूस दारापुढं भरलेला रांजण मांडून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दरडावून पाणी पाजायचा. भाजीवाली, पोस्टमन, गॅसची टाकी आणणारा, कुणी सुटायचं नाही. एखाद्यानं "नको, तहान नाही" म्हटलं की संपलं.

"तहान न्हाई? ह्या उन्हात टाकी खांद्यावर घेऊन फिरून राहिलास आन् तहान न्हाई? मला येडा समजला का? पी मुकाट!"

तो बिचारा पिऊन टाकायचा. तहान असो नसो.

एका उन्हाळ्यात समोरच्या घरचे गृहस्थ तावातावानं आले. आमच्याकडं भांडी घासायला पाणी नाही आणि तुम्ही रस्त्यावर वाटत बसता, म्हणाले. पंडितजी ओसरीवरून उठलेसुद्धा नाहीत. "माझ्या वाटणीचं वाटतो. तुमच्या बापाचं न्हाई. आंघोळ करत न्हाई मी, अंग पुसून घेतो. वास येत असंल तर नाक धरा!" खरंच होतं ते. सोवळ्याओवळ्यात वाढलेला हा माणूस भर वैशाखात एका तांब्यात पंचा भिजवून अंग पुसायचा आणि आंघोळीची बादली रांजणात ओतायचा.

मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत. शाळेत मराठी शिकवते, आणि मलाही राग फार लवकर येतो. त्यामुळं आमचं पटलं असावं. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. गल्लीतले लोक आता "काय माणूस होता!" म्हणून उसासे सोडतात, तेव्हा मला एकेकाच्या तोंडावर तांब्या रिकामा करावासा वाटतो. ते होते तेव्हा हीच मंडळी त्यांना 'मिलिट्रीचं भूत' म्हणत होती.

सुभेदार व्यंकटराव मुखेडकर हे त्यांचं पूर्ण नाव. मूळ मुखेडकडचे. कोरडवाहू जमिनीचा तुकडा, घरात भिक्षुकी आणि तीही अर्धपोटी. नांदेडला गोदावरीकाठच्या पाठशाळेत वेद शिकले आणि तिथून थेट लष्करात गेले. लष्करात धर्मगुरू असतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पण प्रत्येक पलटणीत असतो. तो जवानांची मंदिर परेड घेतो, शपथ देतो, घरून वाईट बातमी आली की जवानाजवळ बसतो, आणि लढाई लागली की जखमींना आणतात त्या जागी डॉक्टरच्या शेजारी उभा राहतो. त्याच्या हातात बंदूक नसते. पंडितजींची मिशी सुभेदाराची होती आणि शेंडी भटाची, आणि त्या दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. पूजा सांगायचे तीही परेडसारखी. यजमान फोनवर बोलायला लागला की आचमनाची पळी खाली ठेवून म्हणायचे, "बोला बोला. देवाला मी सावधान उभं करून ठेवलंय. दमला की जाईल निघून."

कारगिलच्या लढाईत त्यांना शौर्याचं पदक मिळालं. तोफांचा मारा चालू असताना डोंगरावरून जखमींना पाठीवर घेऊन ते पुन्हापुन्हा खाली आले, आणि पुन्हापुन्हा वर गेले. ते पदक काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये पडलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, निदान भिंतीला तरी लावा. तर म्हणाले, "ओ बाई, तुमच्या वर्गात पोरं नापास झाली आन् तुम्हाला बक्षीस दिलं, तर तुम्ही लावताल का भिंतीला?"

आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मीच त्यांना बोलावलं होतं. अध्यक्ष होते तालुक्यातले एक पुढारी. पांढरे कडक कपडे, गळ्यात साखळी. देशासाठी मरण येणं हे केवढं भाग्य, असं भाग्य लाखात एखाद्यालाच लाभतं, असं त्यांचं चाललं होतं. पंडितजी खुर्चीतून उठले, माइकजवळ गेले आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तुमचे चिरंजीव कुठं असतात?"

"पुण्याला. प्लॉटिंगचं काम आहे त्याचं."

"मग त्यांच्यासाठी मागू का हे भाग्य? मी धर्मगुरू हाय, मला अधिकार हाय. आत्ता संकल्प सोडतो." त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून तळहातावर पाणी घेतलं. "हं, सांगा. नाव सांगा, गोत्र सांगा."

पुढारी साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलं हसली. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू करायला लावलं. मला नंतर मेमो मिळाला, तो मी फाडून टाकला.

हा राग कुठून येतो ते मला एका दुपारी कळलं. गल्ली झोपलेली होती. काकू माहेरी गेल्या होत्या म्हणून मी त्यांचं ताट घेऊन गेले होते. ते देवघरापुढं बसून एक लहानशी तांब्याची कुपी चिंचेनं घासत होते. बोटाएवढी कुपी, तोंड लाखेनं बंद केलेलं.

"ही काय, गंगा का?" मी विचारलं. आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात.

"नांदेडची," ते म्हणाले. "ही माझ्या छातीच्या खिशात असायची. पलटणीतल्या पोरांना पक्कं ठाऊक होतं, पंडितजीनं कुपी काढली म्हंजी तो गडी संपला. मेल्याच्या तोंडात घालायची, न्हाईतर मरून राहिलेल्याच्या. लाख फोडायची, घालायची, पुन्हा भरायची, पुन्हा लाख लावायची. पोरं लांबून माझ्या हाताकडं बघायची, खिशाकडं जातो का म्हणून."

मग त्यांनी बालाजीचं सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि मान वर न करता. बालाजी किल्लारीकडचा. भूकंपात त्याचं घर बसलं, बाप आणि धाकटी बहीण गेली. बालाजीला जवानांनी ढिगाऱ्याखालून काढलं, आणि काढणाऱ्यांकडं बघून त्या पोरानं तिथंच ठरवलं की आपण हेच व्हायचं. झाला. पंडितजींच्याच पलटणीत आला. आपल्याकडचा पोरगा म्हणून पंडितजींचा त्याच्यावर जीव. डोंगरावरून त्याला त्यांनीच पाठीवर आणला, पोटात गोळी लागलेला.

"डॉक्टर म्हणाले, पोटाची जखम हाय, पाण्याचा थेंब जाता कामा नये. ढग हटले की हेलिकॉप्टर येईल, तवर टिकला तर जगंल. आन् ते पोरगं पाणी मागून राहिलं. 'पंडितजी, पाणी. काका, पाणी.' शुद्धीत होतं हो. खिशात कुपी. माझा हात तिकडं वळतच नव्हता. मी फडकं ओलं करून ओठाला लावलं, तर त्यानं ते दातात धरलं, चोखायला लागलं. मी ओढून घेतलं." त्यांनी कुपी खाली ठेवली. "ढग हटलेच न्हाईत."

ताट तसंच राहिलं. मी घरी आले. असल्या माणसाला आम्ही तापट म्हणतो, याचाच मला त्या दिवशी राग आला.

पण गोष्ट इथं संपली असती तर पंडितजी नुसते दुःखी झाले असते. रागावले ते पुढच्यामुळं. लढाईनंतर रजेवर आले तेव्हा ते बालाजीच्या आईकडं गेले. कोंडाबाई तिचं नाव. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या वसाहतीत एकटी राहायची. तिनं पोरगा कसा गेला, कुणी मारला, काहीच विचारलं नाही. एकच विचारलं: "म्हाराज, तोंडात पाणी घातलं होतं का?"

पंडितजींनी तोंड उघडलं. तेवढ्यात जमलेल्यांतला एक शहाणा बोलला, "अगं, खुद्द पंडितजी जवळ होते. गंगा घातल्याबिगर ऱ्हातील का?" आणि कोंडाबाई त्यांच्या पायावर पडली. सुटलं लेकरू, सुटलं, म्हणून रडली. त्या रडण्यापुढं त्यांच्यानं बोलवेना.

तेव्हापासून दर भाद्रपदात ती पित्रांना त्यांना बोलवायची. ते जायचे, बालाजीच्या नावानं तर्पण करायचे, तिच्या हातचं जेवायचे. तर्पणाला तीळ घालून ओंजळभर पाणी सोडतात. पंडितजी आख्खी घागर रिती करायचे. गावातल्या लोकांना वाटायचं, मिलिट्रीची पद्धत असेल. घरी आल्यावर दोन दिवस गल्लीत कुणी त्यांच्या वाटेला जायचं नाही. कुणीतरी त्यांच्या वतीनं खोटं बोललं होतं, आणि ते खोटं आता एका आईचा आधार होऊन बसलं होतं. ते मोडायचं तर तिला मोडायचं. नाही मोडायचं तर दरवर्षी तिच्या पानावर बसायचं.

ते मोडलं एका स्मारकामुळं. बालाजीच्या गावात समिती झाली, वर्गणी निघाली, एका गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, सिमेंटचा पुतळा उभा केला. उद्घाटनाला पंडितजी प्रमुख पाहुणे, आणि सूत्रसंचालन माझ्याकडं. जीपमधून जाताना त्यांनी समितीच्या माणसाला विचारलं होतं, पुतळा कशाचा हाय? तो म्हणाला, बालाजीचा. ते खूश होते त्या दिवशी. वाटेत एका गाडीवाल्याला थांबवून त्याला पाणीही पाजलं.

पडदा ओढला. आत दोन पुतळे होते. एक जवान आडवा, डोळे मिटलेला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला गुलाबी रंगाचा एक भटजी, उघडाबंब, धोतर, जानवं, आणि हातात तांब्या. तांब्यातून जवानाच्या तोंडात निळ्या रंगाची सिमेंटची धार. त्या बर्फात पंडितजींच्या अंगावर काय होतं हे कुणी विचारलं नव्हतं. कुणालाच काही विचारलं नव्हतं. टाळ्या मात्र कडाडल्या. बालाजी अमर रहे, पंडितजी अमर रहे.

कोंडाबाई नवं लुगडं नेसून आली होती. ती पुढं झाली आणि सिमेंटच्या ओठांवर बोट फिरवत म्हणाली, "पडून राहिलंय बघा. तोंडात पडून राहिलंय पाणी."

मी पंडितजींकडं बघितलं. मान लाल झाली होती, कानापर्यंत. कुणीतरी त्यांच्या हातात फोडायला नारळ दिला. खाली दगड ठेवला होता. त्यांनी दगडाकडं पाहिलंही नाही. नारळ उचलला आणि सगळ्या ताकदीनं त्या गुलाबी हातावर हाणला. गुत्तेदाराचं सिमेंट ते. एका फटक्यात हात, तांब्या, धार, सगळं खाली आलं.

"खोटं हाय हे!" ते ओरडले. माइकची गरजच नव्हती. "म्या न्हाई पाजलं. कुनी पाजलं न्हाई. कोन म्हनलं तुम्हाला, म्या पाजलं म्हनून? त्या पोराला अमर करून राहिलेत! अरे, तो तहानलेला गेला. माझ्या मांडीवर तहानलेला गेला!"

कोंडाबाई त्यांच्याकडं वळली. "मागितलं होतं का त्यानं?"

"हाव माय. शेवटपर्यंत."

"तुमच्यापाशी होतं?"

"खिशात होतं."

ती हळू आवाजात म्हणाली, "माझं लेकरू तहानलेलं धाडलंत. आन् इतके वर्सं माझ्या घरी पोटभर जेवलात?"

ती वळली आणि निघून गेली. पंडितजी तिच्या मागं गेले नाहीत. समितीचे लोक त्यांच्यावर धावून आले, मी मध्ये पडले, आणि समितीवाल्यांना मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. आठवड्याभरात समितीनं पुतळ्याला नवा हात बसवला. तो अजून आहे, तांब्यासकट. जाणारे-येणारे फोटो काढतात.

त्या भाद्रपदात किल्लारीहून बोलावणं आलं नाही. पंडितजींनी आपल्याच गच्चीवर तर्पण केलं. रांजण दारात होता, पण ते कुणाला ओरडेनात. पोस्टमन आपण होऊन पाणी प्यायचा आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचा. "पंडितजी, बरं न्हाई का?" त्यावरही राग नाही. काकू मला म्हणाल्या, "बाई, हे चिडत नाहीत, मला भ्या वाटायलंय."

दिवाळी होऊन गेली आणि एका भर दुपारी कोंडाबाईच दारात उभी राहिली. आधी जीप, मग एस.टी., मग स्टँडपासून पायी. मी माझ्या ओसरीवर वह्या तपासत होते. पंडितजी उठले, रांजणातून तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. तो तसाच धरून ते उभे.

"कामून न्हाई दिलं?" तिनं विचारलं.

"डॉक्टरनं मना केलं होतं."

"डॉक्टर ऱ्हाऊ द्या. तुमाला काय वाटलं होतं?"

पंडितजींनी तांब्या आणखी पुढं केला. "मला वाटलं जगंल. हेलिकॉप्टर येईल आन् जगंल. पाणी घातलं असतं तर... ती कुपी काढली असती तर मीच त्याला मेला म्हटल्यासारखं झालं असतं, माय."

कोंडाबाई पायरीवर बसली. मग बोलली ती स्वतःशीच बोलल्यासारखी. "भूकंपात धाकटीला काढली, तवा ती जित्ती होती. छाती चेंदली होती. सगळे म्हनले, घाल पानी, सुटंल. म्या घातलं. ती माझ्याकडं बघून राहिली होती, म्हाराज. डोळे उघडे होते. म्या पानी घातलं म्हंजी म्या तिला सोडली. अजून वाटतं, उगं घाई केली." तिनं त्यांच्याकडं मान वळवली. "तुम्ही न्हाई सोडला त्याला."

पंडितजी रडले. मी त्यांना रडताना एवढं एकदाच पाहिलं.

"पर माझा राग गेला न्हाई," ती लगेच म्हणाली. "सांगून ठेवते. लेकरू मागत होतं, ते माझ्या कानातून जानार न्हाई. ती कुपी द्या मला. तुमच्यापाशी नको ती."

त्यांनी देवघरातून कुपी आणून दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातानं आवळली आणि मग तांब्या हातात घेऊन घटाघटा प्यायली. दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला तेव्हा गल्लीला पुन्हा जुना आवाज ऐकू आला. मला वह्या सोडून हसू आलं.

पुढच्या पित्रांपासून ते पुन्हा तिच्याकडं जायला लागले. ती वाढायची आणि वाढताना शिव्या घालायची, असं काकू सांगायच्या. ते मान खाली घालून जेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा छातीत उतरेल. दवाखान्यात नातेवाइकांची गर्दी झाली. मुखेडहून पुतणे आले, त्यांनी येतानाच तोंडं लांब केली होती. त्यांतल्या मोठ्यानं डॉक्टरला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, परत आला आणि काकूंना म्हणाला, "काकू, आता आशा नाही. मुखात गंगा घालून घ्यावी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी शेजारीण. काकू माझा हात धरून नुसत्या बसल्या होत्या.

कोंडाबाई सकाळपासून खाटेच्या उशाशी होती. कुणीतरी सांगितलं की पंडितजींची कुपी तिच्याकडं आहे. पुतण्या तिच्यापुढं गेला. "मावशी, द्या ती कुपी. वेळ निघून जाईल."

तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. "कुनाची वेळ? तुमची झाली असंल तर जावा घरी! ह्यो मानूस डोळे वटारून राहिलाय, दिसत न्हाई? कुनी पानी घालायचं न्हाई ह्याच्या तोंडात. म्या बसले हितं."

खरंच वटारले होते. एकच डोळा नीट उघडत होता, पण तो पुतण्यावर असा रोखला होता की त्याला तहान नाही म्हणायची सोय नव्हती. पुतणे दाराशी जाऊन कुजबुजत उभे राहिले. पुढं चार-सहा दिवसांनी पंडितजी गेले, झोपेतच गेले, आणि कुपीची लाख कुणी फोडली नाही. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. त्यांचे ओठ सुकून फुटले होते. कोंडाबाईनं फडकं ओलं करून घट्ट पिळलं आणि त्यांच्या ओठांवरून फिरवलं. त्यांनी ते दातात पकडलं. नर्स म्हणाली, "अहो आजी, ओढा ते." फडक्याचं एक टोक त्यांच्या दातात होतं आणि दुसरं कोंडाबाईच्या हातात.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि तिनं ते ओढलं नाही.